फोटोत जे नाही ते आधी विचारा

घर घेताना, घर देताना : वाचकांचे प्रश्न

यावेळी जवळजवळ सगळ्या पत्रांचा विषय एकच आहे, ऑनलाइन जाहिरातीत घर एक दिसलं आणि प्रत्यक्षात दुसरंच निघालं. मी वीस वर्षं बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतेय, म्हणजे टेप घेऊन लोकांच्या घरात जायचं, मोजायचं, ओल बघायची, कागद बघायचे आणि खरी किंमत लिहून द्यायची. जाहिरात आणि घर यातला फरक मी रोज बघते आणि मला त्याचा राग येतो, कारण त्या फोटोच्या जोरावर माणसं रजा टाकून, रेल्वेचं तिकीट काढून, मुलांना घेऊन घर बघायला येतात, आणि काही जण तर न बघताच पैसे पाठवून मोकळे होतात. म्हणून या अंकात दुसरं काहीच घेतलेलं नाही, सहा पत्रं निवडलीत.

प्रश्न : ताई, मी परभणीचा, हिंजवडीत पहिलीच नोकरी लागली. वाकडमधला वन बीएचके ऑनलाइन बघितला, पांढरं किचन, मोठी बाल्कनी, भाडंही बजेटमध्ये. ब्रोकर म्हणाला खूप लोक विचारतायत, होल्ड करायला आठ हजार टोकन पाठवा. मी यूपीआयने पाठवले. सामान घेऊन पोचलो तर म्हणतो, तो फ्लॅट आज सकाळीच गेला, दुसरा दाखवतो. दुसरा म्हणजे तळमजल्यावरचा अंधारा, आणि भाडं दोन हजारांनी जास्त. टोकन परत मागितलं तर म्हणतो ते या फ्लॅटमध्ये ॲडजस्ट करू. काय करू?
(वाचक, वाकड)

उत्तर : तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून सरळ तू म्हणते. पहिली गोष्ट, तो दुसरा फ्लॅट घेऊ नकोस. आठ हजार अडकलेत म्हणून अकरा महिने अंधारात राहायचं आणि वर महिन्याला दोन हजार जास्त द्यायचे, म्हणजे बावीस हजार आणखी गेले.

तुझ्याबरोबर जे झालं ते फार जुनं आहे, आता फक्त मोबाईलवर आलंय. एक छानसा फ्लॅट असतो, तो कधीच भाड्याने गेलेला असतो, पण त्याचे फोटो चांगले असतात म्हणून जाहिरात काढत नाहीत, त्या फोटोवर फोन येतात आणि आलेल्या माणसाला शिल्लक असलेलं काहीतरी दाखवायचं. कधीकधी तर फोटो त्या बिल्डिंगचेच नसतात, दुसऱ्याच शहरातल्या कुठल्यातरी जाहिरातीतून उचललेले असतात. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. फोटो सेव्ह करून गूगल लेन्समध्ये टाकायचा, तोच पांढरा ओटा आणखी चार जाहिरातींत चार वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसला तर त्या माणसाला फोनही करायचा नाही.

आता पैशाचं. आजच व्हॉट्सॲपवर त्याला लिही, अमुक तारखेला अमुक फ्लॅटसाठी टोकन दिलं, तो फ्लॅट उपलब्ध नाही असं तुम्ही सांगितलं, सात दिवसात रक्कम परत करा. फोनवर भांडू नकोस, लिहून माग. त्याआधी ती जाहिरात अजून लाईव्ह असेल तर तिचे स्क्रीनशॉट काढ, तारीख दिसेल असे, लिंकसकट, कारण तक्रार केली की ती पहिली गायब होते. मग साइटवर रिपोर्ट कर. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाक, आणि तरीही नाहीच तर जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही. बऱ्याच वेळा १९१५ ची तक्रार गेल्याचं कळलं की पैसे येतात.

एक मात्र वेगळं समज. तुझा ब्रोकर निदान समोर तरी आला. जर माणूस भेटतच नसेल, मी आर्मीत आहे, बदली झालीये, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका असलं काही सांगत असेल, किंवा पैसे परत देतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगत असेल, तर ती सरळ फसवणूक आहे, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. अशा वेळी एक मिनिट न घालवता १९३० ला फोन करायचा, सायबर फ्रॉडचा नंबर आहे तो, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त.

पुढच्या वेळी लांबून घर बघशील तेव्हा फोटो मागू नकोस, रेकॉर्ड केलेला व्हिडिओही नको, लाईव्ह व्हिडिओ कॉल माग आणि तो गेटपासून सुरू करायला सांग. सोसायटीची पाटी, लिफ्ट, दरवाजावरचा नंबर, आत आल्यावर नळ सोडून दाखवा, संडासाचा फ्लश दाखवा, खिडकी उघडून बाहेर कॅमेरा फिरवा, आणि हे सगळं कॉल न तोडता. जो खरा आहे तो कुरकुर करेल पण दाखवेल. त्यानंतर वीजबिल आणि मालकाचा इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा, माग, दोन्हीवर नाव जुळलं पाहिजे. आणि करार रजिस्टरच करून घे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. जाहिरातीत बेड, गिझर, वॉशिंग मशीन दिसत होतं ना, मग त्याची यादी करारात आली पाहिजे, नाहीतर सामान टाकेपर्यंत त्यातलं निम्मं मालकाचा भाऊ घेऊन गेलेला असतो, हे मी स्वतः दोनदा बघितलंय.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीजवळ एका चालू प्रोजेक्टमध्ये टू बीएचके बुक केला. जाहिरातीत ६५० स्क्वेअर फूट युजेबल कार्पेट, स्विमिंग पूल, मोठं गार्डन, सँपल फ्लॅट तर इतका सुंदर की आम्ही त्याच दिवशी चेक दिला. आता करार आलाय त्यात ५०.२० चौरस मीटर लिहिलंय आणि बाल्कनी वेगळी ६ मीटर. सेल्सवाली मॅडम म्हणते की तेच आहे, मीटरमध्ये आहे म्हणून कमी वाटतं, आणि पूल फेज टूमध्ये येणार, ब्रोशरवर कल्पनाचित्र असं लिहिलेलंच होतं. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे. सही करावी का?
(वाचक दांपत्य, डोंबिवली)

उत्तर : थांबा. सही होईपर्यंत तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे, सही झाल्यावर ते म्हणतील तुम्ही वाचून सही केलीत.

आधी गणित. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ५०.२० मीटर म्हणजे साधारण ५४० फूट. बाल्कनीचे ६ मीटर धरले तर आणखी ६५ फूट, झाले ६०५. जाहिरातीतले ६५० कुठल्याच हिशोबाने येत नाहीत, ४५ फूट कुठून आले ते त्यांनाच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. हे जे युजेबल कार्पेट, सेलेबल, सुपर बिल्टअप असे शब्द जाहिरातीत येतात त्यातला एकही कायद्यातला कार्पेट नाही. रेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे, घराच्या आतली वापरता येणारी जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून. हाच आकडा धरायचा. बाकीचे सगळे आकडे मोठे दिसायला असतात. बांधकाम पूर्ण झाल्यावर या कार्पेटमध्ये तीन टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालतं असं करारात असतं, पण इथे तर बाल्कनी सोडली तर साडेसहाशेचे पाचशेचाळीस झालेत, हा तीन टक्क्यांचा विषयच नाही.

आता कल्पनाचित्र. झाडं किती हिरवी असतील, आकाश कुठल्या रंगाचं असेल, ही कल्पना ठीक आहे. पण ६५० हा आकडा कल्पना नाहीये, तो दावा आहे, आणि माझ्या मते कोपऱ्यातल्या बारीक अक्षरातल्या ओळीने तो दावा पुसला जात नाही. रेरा कायदा २०१६ चा, त्याचं कलम १२ नीट वाचा, जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत. नमुना फ्लॅट हा शब्द कायद्यात मुद्दाम आहे. कारण सँपल फ्लॅटमध्ये काय करतात ते मला माहितीये, आतले दरवाजे काढून टाकलेले असतात म्हणजे खोली मोकळी वाटते, भिंतीच्या जागी काच किंवा पातळ प्लाय, कपाट नसतंच, आणि बेड खास बनवून घेतलेला, सहा फुटांपेक्षाही आखूड. त्या बेडवर तुमचे मिस्टर झोपून बघणार नसतात ना. पुन्हा गेलात तर टेप घेऊन जा.

पूल आणि गार्डनचं जरा खोलात सांगते कारण यात खूप जण अडकतात. रेरामध्ये प्रत्येक फेज हा स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून नोंदवता येतो. ब्रोशरमध्ये सगळ्या लेआउटचं चित्र असतं, सात टॉवर, पूल, क्लब हाऊस, आणि तुम्ही घेताय तो टॉवर फेज वनचा, ज्याच्या नोंदणीत पूल नाहीच. मग फेज टू कधी येईल, येईल की नाही, त्यावर तुमचा काहीच धाक राहत नाही. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे महाराष्ट्रात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर असतो, पी अक्षराने सुरू होणारा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो स्कॅन करा, महारेराच्या साइटवर तुमच्याच फेजचं पान उघडेल, त्यात मंजूर नकाशा, किती मजल्यांना परवानगी आहे, कुठल्या सुविधा आणि त्या कधीपर्यंत, ताबा कधी, आणि प्रोजेक्टवर केसेस आहेत का ते सगळं मिळतं. ब्रोशर बाजूला ठेवा आणि ते पान वाचा. एक रविवार जाईल, पण लाखो रुपयांचा निर्णय आहे. ज्या जाहिरातीवर नंबर आणि क्यूआर दोन्ही नाही, आणि प्रोजेक्ट आठपेक्षा जास्त फ्लॅटचा आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आहे, तिथे तर बुकिंगचा विचारही नको, नोंदणी नसताना जाहिरात करायलाच बंदी आहे.

तुम्ही किती पैसे भरलेत ते लिहिलं नाहीत. रजिस्टर्ड कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, कलम १३. जास्त घेतले असतील तर तोही मुद्दा तुमच्या बाजूचा. माझा सल्ला असा की ब्रोशर, व्हॉट्सॲपवर आलेलं जाहिरातीचं चित्र, सँपल फ्लॅटचे तुम्ही काढलेले फोटो, मॅडमचे मेसेज, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, मग ईमेलने विचारा की कार्पेट कमी आहे तर किंमत कमी करणार का, पूल करारात तारखेसकट लिहून देणार का. दोन्ही नाही म्हणाले तर पैसे परत मागा. नाही दिले तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार होते, फी पाच हजार, आणि तिथे सलोखा मंचही आहे जिथे समोरासमोर बसवून मिटवायचा प्रयत्न करतात. घर सुंदर होतं हे मला पटतं हो, पण तुम्ही ज्याच्यावर भाळलात ते घर विकायला नाहीये.

प्रश्न : फोटोवरून खोली किती मोठी आहे ते कळतं का? आम्ही नागपूरला आहोत, मुलीसाठी मुंबईत घर शोधतोय, दर वेळी जाऊन बघणं परवडत नाही.
(वाचक, नागपूर)

उत्तर : कळतं, बऱ्यापैकी कळतं. फरश्या मोजा.

हल्ली बहुतेक फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. फोटोत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रेघा मोजायच्या. साडेचार फरश्या आल्या म्हणजे खोली नऊ फूट, मग फोटो कितीही प्रशस्त दिसू दे. मोबाईलवर ०.५ वालं जे वाइड लेन्स असतं त्याने फोटो काढला की खोली खोल जाते, कडेच्या वस्तू ताणल्या जातात, पण लेन्स फरशी लांब करू शकते, फरश्यांची संख्या वाढवू शकत नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये एक फुटाच्या किंवा त्याहून लहान मोझॅक फरश्या असतात आणि नव्या महागड्या घरात मोठ्या स्लॅबसारख्या, म्हणून फरशीचा साइज एकदा फोनवर विचारून घ्या.

फरशी दिसत नसेल, गालिचा टाकलेला असेल, तर दुसऱ्या खुणा आहेत. क्वीन बेड पाच बाय साडेसहा, किंग सहा बाय साडेसहा, बेडच्या बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा आहे का ते बघा, की एक बाजू भिंतीला चिकटलीये. सिलिंग फॅन बहुतेक चार फुटांचा असतो. ओटा दोन फूट खोल. दरवाजा सात फूट उंच. आणि कडेला असलेला फॅन किंवा गोल घड्याळ अंड्यासारखं लांबट दिसत असेल तर फोटो वाइडने काढलाय हे पक्कं.

मग न काढलेले फोटो बघा. बारा फोटो आहेत आणि बाथरूमचा एकही नाही. बेडरूमचे तीन फोटो आणि तिन्ही एकाच कोपऱ्यातून, म्हणजे चौथी भिंत दाखवायची नाहीये. भर दुपारचा फोटो आणि सगळे दिवे लावलेले, पडदे ओढलेले, तर खिडकीसमोर चार फुटांवर दुसरी बिल्डिंग आहे असं धरूनच चाला, मुंबईत तर नक्कीच. फोन करून नेमकं तेच मागा, पडदा उघडून खिडकीतून बाहेरचा फोटो पाठवा. आणि अंतराचं म्हणाल तर स्टेशनपासून पाच मिनिटं हे कुणाची पाच मिनिटं ते विचारा, रिक्षाची, की सकाळी साडेआठला ब्रिज चढून पलीकडे जाणाऱ्या तुमच्या मुलीची. मॅपवर चालत जायचं अंतर टाका, सोमवारी सकाळची वेळ निवडून.

प्रश्न : मी गेली चौदा वर्षं दुबईत, मूळ गाव राजापूर तालुक्यात. फेसबुकवर जाहिरात बघितली, सी व्ह्यू फार्महाऊस प्लॉट, पाच गुंठे, रोड टच, आंब्याची कलमं, ड्रोनचा व्हिडिओ अप्रतिम. बुकिंग फक्त पन्नास हजार. गावाकडे आपलं काहीतरी असावं असं फार वाटतं. घेऊ का?
(वाचक, दुबई)

उत्तर : तुमची ओढ समजते, माझं माहेर रत्नागिरीचं आहे. पण पैसे पाठवू नका, आणि पहिलं कारण त्या ड्रोनच्या व्हिडिओपेक्षाही मोठं आहे. तुम्ही एनआरआय आहात, आणि फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांप्रमाणे एनआरआयला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, विकत नाही. जाहिरात करणाऱ्याला हे माहीत असतं, तरी तो आखातातल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर हीच जाहिरात टाकतो. तुम्हाला घ्यायचाच असेल तर बिगरशेती झालेला, एनए ऑर्डर हातात असलेला प्लॉट बघावा लागेल, एनए प्रपोज्ड वगैरे नाही.

आता बाकीचं. ड्रोन चारशे फुटांपर्यंत वर जातो आणि तिथून समुद्र दिसतोच, किनाऱ्याजवळ बहुतेक कुठूनही दिसेल, तुम्ही मात्र अंगणात खुर्ची टाकून बसणार. समुद्र दिसतो का हे बघायला तिथे उभं राहूनच फोटो काढायला सांगा. व्हिडिओवरच्या पिवळ्या रेघा कुणीतरी कॉम्प्युटरवर ओढलेल्या असतात, त्यांचा सरकारी मोजणीशी संबंध असेलच असं नाही. भूमी अभिलेखची मोजणी झालीये का, क प्रत, म्हणजे त्या मोजणीचा सरकारी नकाशा, आहे का ते विचारा. पाच गुंठे म्हणजे ५४४५ चौरस फूट, एवढ्याचा स्वतंत्र सातबारा होणार की पंचवीस जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईकात चढणार, हेही विचारा, कारण सामाईकात पडलात की पुढे विकायला पंचवीस सह्या. रोड टच म्हणजे गाव नकाशात असलेला रस्ता की जेसीबीने शेजाऱ्याच्या जमिनीतून काढलेली वाट? ती वाट शेजारी एक दिवस बंद करतो.

आणि ऋतू. तुम्हाला सांगायला नको, पण चौदा वर्षांत विसरायला होतं. सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, सगळे फोटो श्रावण-भाद्रपदातले असतात, हिरवंगार, फुलं, ओहोळ. तोच कातळ मे महिन्यात कसा असतो ते आठवा, आणि विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं ते गावातल्या कुणालाही फोन करून विचारा. राजापुरात तुमचं कुणीतरी असेलच, चुलतभाऊ, शाळेतला मित्र, त्याला एप्रिलमध्ये तिथे पाठवा. त्याने काढलेला वाकडातिकडा फोटो मला त्या ड्रोनपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

प्रश्न : पुण्यात नदीकाठी रिसेलचा फ्लॅट बघितलाय, रिव्हर व्ह्यू, पहिला मजला. फोटोही छान, प्रत्यक्ष घरही छान, फोटोसारखंच आहे. मग यात फसण्यासारखं काय आहे, नवरा म्हणतो तू उगाच शंका काढतेस.
(वाचक, पुणे)

उत्तर : शंका काढा, बरोबर करताय. तुम्ही घर कुठल्या महिन्यात बघितलंत ते महत्त्वाचं. फेब्रुवारीत मुठा शांत असते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवर एकतानगरीच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, लोकांना बाहेर काढावं लागलं, गाड्या बुडाल्या. ती घरंही फोटोत छानच दिसतात.

निळी पूररेषा आणि लाल पूररेषा, हे दोन शब्द लक्षात ठेवा, निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुमची बिल्डिंग या रेषांच्या आत आहे का ते महापालिकेत किंवा जलसंपदा खात्याकडे विचारता येतं, चांगला आर्किटेक्टही सांगतो. त्याहून सोपं, पार्किंगमध्ये जाऊन भिंतीवर पाण्याचे जुने डाग बघा, मीटरचे बॉक्स मुद्दाम उंच बसवलेत का बघा, आणि वॉचमनला विचारा की मागच्या पावसात गाड्या कुठे लावल्या होत्या. असं विचारलं की माणूस खरं सांगतो.

घरात एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, एकाच खोलीत नवीन पीओपी असेल, तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम तिथे येतं का ते बघा. रिसेलला रेरा सहसा लागू होत नाही, पण मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर बंधन आहे, घरातला मोठा दोष त्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा असेल तर तो सांगायलाच हवा. म्हणून लेखी विचारा, घरात गळती आहे का, पाणी कधी शिरलं होतं का, सोसायटीची काही बाकी आहे का. नाही असं लिहून आलं तर ते जपून ठेवा. आणि घाई नसेल तर जुलैपर्यंत थांबा, एका मोठ्या पावसाच्या दिवशी दोघं जाऊन या.

प्रश्न : आईचा नाशिकचा फ्लॅट विकायचाय. एजंट म्हणतो फोटो एआयने करून देतो, रिकाम्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही येईल, भिंतीवरचे डाग जातील आणि बाल्कनीसमोरचा मोबाईल टॉवरही काढून टाकतो, सगळे हेच करतात. मला ते बरोबर वाटत नाही पण गिऱ्हाईकच आलं नाही तर?
(वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्हाला बरोबर वाटत नाही ते बरोबरच आहे. टॉवर काढायचा नाही. भिंतीवरचे डागही फोटोत पुसायचे नाहीत, रंगारी बोलवून खरे पुसून घ्या, एक हात मारायला फार खर्च येत नाही. सोफा ठेवायला हरकत नाही पण फोटोवरच मोठ्या अक्षरात लिहायचं की सामान कॉम्प्युटरवर टाकलेलं आहे, आणि तोच हॉल रिकामा कसा दिसतो तो फोटो शेजारी लावायचा. सोफाही खऱ्या मापाचा हवा, अकरा फुटांच्या हॉलमध्ये बाहुलीचा सोफा घालून हॉल मोठा करायचा नाही.

गिऱ्हाईक कमी येईल, हो. पण जे येईल ते टॉवर बघून आलेलं असेल. टॉवर पुसलात तर चाळीस जण येतील आणि बाल्कनीचं दार उघडलं की चाळीसही परत जातील, आणि त्यातली निम्मी माणसं आईच्या घरात उभं राहून आईला खोटं म्हणतील.

माझ्याकडे विचाराल तर असं करा. सकाळी नऊच्या सुमारास, सगळ्या खिडक्या उघडून, दिवे बंद ठेवून, साध्या लेन्सने प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून फोटो काढा, बाथरूम, जिना, पार्किंग धरून. खोल्या टेपने मोजून फुटात लिहा, कार्पेट किती ते कागदावरूनच लिहा, बिल्डिंग कुठल्या सालची, भोगवटा प्रमाणपत्र आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, मेंटेनन्स किती, पाणी किती वेळ येतं. टॉवरचा फोटो शेवटी टाका आणि खाली लिहा, बाल्कनीसमोर टॉवर आहे, अंतर अमुक फूट, किंमत तो धरूनच सांगितली आहे. एजंट ऐकत नसेल तर जाहिरात तुम्ही स्वतःच्या नावाने टाका, त्याला अर्धा तास लागतो.